तीन पायांची सवत

आमच्या दाजींना वास येत नाही. कसलाच. गटाराचा नाही, गुलाबाचा नाही, माझ्या स्कूटीचा बेल्ट जळतो त्याचा पण नाही. हे मला कळायला तीन वर्षं लागली, आणि कळलं ते एका मेलेल्या होडीमुळे. ज्या माणसाचा धंदाच रांधायचा, तो तीन वर्षं नाकाशिवाय हॉटेलचं किचन चालवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी याला हिंमत म्हणते. ताई जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या आशाताईचा नवरा. नागोराव सोनकांबळे. गाव मुखेडच्या पलीकडे, राहायला भाईंदर पूर्वेला वन आरकेमध्ये, कामाला काशीमीऱ्याच्या हायवेवरच्या हॉटेलात. मी रुचिता, ताईची धाकटी. लोक शाळेला रामराम ठोकतात, आमच्यात रामराम नाही, म्हणून मी नववीतच शाळेला जय भीम ठोकला. आता स्कूटीवर पार्सलं पोचवते. माझं एवढं पुरे. गोष्ट दाजींची आहे.

सतरा वर्षांचे असताना दाजी या हॉटेलात आले ते भांडी घासायला. मागच्या बाजूला मोरी होती, तिथे पाच वर्षं उकिडवे बसले. पाच वर्षं! मी एका जागी पाच महिने टिकत नाही. बोटांची नखं पांढरी पडली होती म्हणे, गावी गेले तर त्यांची आईच म्हणाली, हे काय, मढ्याची नखं कुठून आणलीस. मग एके दिवशी मोरीत बसल्याबसल्या ओरडले, "वस्ताद, डाळ खाली लागायली!" वस्ताद पातेल्याजवळ उभा होता, त्याला पत्ता नाही, आणि हे वीस फुटांवरून साबणाच्या फेसातून सांगतायत. पातेलं उतरवलं तर खरंच बुडाला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना मोरीतून उठवलं आणि कांदे कापायला बसवलं. तिथून कढईवर, कढईवरून सगळ्या किचनवर.

मग काय, नाकाचीच रोजीरोटी. मासेवाली मावशी टोपली खाली ठेवायच्या आत हे म्हणायचे, "मावशी, हा कालचा हाय." ती यांच्या सात पिढ्या काढायची आणि खालची दुसरी टोपली उघडायची. हॉटेलचा मालक दशरथ शेट गिऱ्हाइकांसमोर मिरवायचा, "हमारा नागोराव चखता नहीं, सूंघता है." ट्रकवाले मुद्दाम किचनच्या दारात येऊन चपला काढायचे आणि विचारायचे, "बताओ, किसका जूता?" तसले फालतू जोक.

दुसऱ्या लाटेत दाजी कोरोनाने पडले. पंधरा दिवसांनी उठले. सगळं परत आलं, ताकद, भूक, ताईशी भांडणं. नाक नाही आलं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शेटला नाही, ताईला पण नाही. आज उद्या येईल, असं म्हणत राहिले. तोपर्यंत काय करायचे, तर आधीच्या वीस वर्षांची आठवण वापरायची. कांदा किती मिनिटांत लाल होतो, मसाला किती मिनिटांत तेल सोडतो, सगळं घड्याळावर. वेटरला हळूच विचारायचे, "कसा सुटलाय वास?" तो म्हणायचा मस्त. मग हे पण म्हणायचे, मस्त. पण घड्याळाला काय माहीत, गॅसची टाकी नवी आहे की संपत आलीय? दोन वेळा ग्रेव्ही करपली. एकदा नासलेलं खोबरं वाटणात गेलं आणि अख्खं टेबल उठून गेलं. शेटला वाटलं, नागोरावचं लक्ष उडालंय, दारू प्यायला लागलाय. दाजी दारूला शिवत नाहीत. पण दारू प्यायचा आळ चालेल, नाक गेलं हे कळायला नको, असा त्यांचा हिशोब.

आणि मग ती आली. सवत.

मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये दुबईहून आलेलं जोडपं होतं. त्यांनी सोबत कोळशाची एक मोठी शेगडी आणली होती. शेगडी म्हणजे काय, एक भलीमोठी गोल कढई, तिच्यावर दुसरी तेवढीच कढई पालथी घातलेली, खाली तीन पाय, दोन चाकं. काळी कुळकुळीत. खालच्या कढईच्या बुडाला हवेची भोकं, वरच्या झाकणाला पण भोकं, दोन्हीकडे उघडबंद करायची पत्र्याची चकती. जोडप्याने एका रविवारी गॅलरीत चिकन लावलं. वरच्या मजल्यावर चोविहार करणारं शहाभाईंचं जैन कुटुंब, त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांना तंदुरीचा वास. सोसायटीची मीटिंग झाली. शेगडी भंगारात गेली.

भंगारवाला काशीमीऱ्याचाच. दाजींनी आपली सायकल त्याला दिली आणि ही ढकलत ढकलत थेट भाईंदरला घरी आणली. ताई एका दवाखान्यात आया आहे, ड्युटीवरून आली तर किचनमध्ये हे धूड. फ्रिजचं दार उघडेना.

"हे काय आणलंत?"

"शेगडी हाय."

"माणसानं विचारून आणावं. तीन पायांची, पोटुशी, काळी. सरळ सांगा ना, सवत आणली म्हणून."

तेव्हापासून तिचं नाव सवत. दोन दिवसांनी ताईने तिला घराबाहेर काढली. मग ती हॉटेलच्या मागे, टायरवाल्याच्या भिंतीला टेकून राहायला लागली.

मला कळेना, दाजी हिच्यामागे एवढे का लागलेत. सुट्टीच्या दिवशी पण तिथेच. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, त्यात कुठलातरी हाफ पँटवाला दाढीवाला गोरा अशाच शेगडीत आठ आठ तास मटण ठेवायचा. भाजायचा नाही हां. धुरावर शिजवायचा. त्याचं इंग्लिश मला मिक्सरला जेवढं कळेल तेवढंच कळायचं, तरी दाजी विचारायचे, "रुचे, काय म्हणायलाय?" मी ठोकून द्यायचे, "म्हणतोय, सबुरी ठेवा."

आमच्याकडे चूल म्हटलं की जाळ घालायचा, फुंकायचं, हलवायचं. हिच्यात सगळं उलटं. जाळ नको, कोळसा हळूहळू पेटायला पाहिजे, एका वेळी दोनचार खडे, बस. हे कसं करायचं ते दाजींना गोऱ्याकडून नाही कळलं. खाडीचा शेजार असल्याने आमच्या घरात डास माणसांपेक्षा जास्त. खाटेखाली मच्छर अगरबत्ती लावलेली होती. दाजी खाली वाकून तिच्याकडे बघत बसले. ताई म्हणाली, आता हिच्यावर पण प्रेम जडलं का? पण दाजींना सापडलं होतं. अगरबत्तीचं गोल वेटोळं एका टोकाला पेटतं आणि आग सरकत सरकत पुढे जाते. तसाच कोळसा लावायचा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉटेलच्या तंदूरचा कोळसा फोडून एकेक खडा लिंबाएवढा केला. कढईच्या कडेने दोन खडे खाली, दोन वर, अशी रांग लावत नेली, वेढा पूर्ण होऊ दिला नाही. एका टोकाला चार पेटते खडे ठेवले. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याची परात, वर जाळी, जाळीवर मटण, झाकण बंद. कोळशावर अधूनमधून लाकडाचा एकेक तुकडा, म्हणजे आग तिथवर पोचली की धूर. वरची चकती सताड उघडी, खालची बोटभर. झाकणाच्या भोकातून केकवाल्या बाईकडून आणलेला काटा आत सोडलेला, भट्टीची गरमी मोजतात तो. काटा एकशेवीसवर आला आणि तिथेच बसला. तासभर. दोन तास. दाजी त्याच्याकडे असे बघत होते जसं कुणी तान्ह्या पोराकडे बघतं.

"पांढरा, जाड धूर आला की समजायचं लाकूड चिडलंय," ते मला सांगायचे. "पातळ, निळा आला की कामाला लागलंय. मग उघडायचं नाही. फुंकायचं नाही. हलवायचं नाही. घड्याळ बघायचं, काटा बघायचा, धुराचा रंग बघायचा."

बघायचं, बघायचं, बघायचं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. या सगळ्यात हुंगायचं कुठेच नव्हतं.

शेटला मात्र ही शेगडी डोळ्यात खुपत होती. पण बँकेतल्या पंचवीस लोकांचा एक ग्रुप रविवारच्या जेवणाची ऑर्डर द्यायला आला आणि त्यांच्यातल्या एका साहेबाने मागे लघवीला जाताना ही बघितली. "अरे, आप लोग स्मोक भी करते हो?" शेट ताबडतोब म्हणाला, "हमारी स्पेशालिटी है." साहेब गेल्यावर त्याने दाजींना बोलावलं.

"नागोराव, रविवारी पंचवीस माणसं. तुझी ही टाकी चालली तर मागचा कोपरा तुझा, पत्रे टाकून देतो, तू आणि तुझी टाकी. नाही चालली तर ती भंगारात, आणि तू मोरीत. लई दिवस तुझं सहन केलंय मी."

मोरीत. पंचवीस वर्षांनी परत त्याच मोरीत. दाजी "बरं" म्हणाले. मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मीच स्कूटीसकट ट्रकखाली आले असते.

गुरुवारी त्यांनी रंगीत तालीम ठेवली. मटणाची एक अख्खी तंगडी, हळद, मीठ, लसूण आणि येसर लावून. येसर म्हणजे आमच्या गावाकडचा भाजलेला काळा मसाला, ताईच्या सासूने पाठवलेला. प्रश्न लाकडाचा होता. वखारीत मिळतं ते प्लायवूड नाहीतर रंग लावलेलं. तर घोडबंदर गावातला सदू, जो हॉटेलात खेकडे द्यायला येतो, तो म्हणाला, "लाकूड पायजे? माज्या आज्याची होडी हाय खाडीत, चिखलान पडलीय. बाभलीचा लाकूड हाय, दगडासारका वाललाय. कुनाच्या कामाचा न्हाय, ने."

फुकटचं, बाभळीचं, पन्नास वर्षं वाळलेलं. दाजी खूश. दोघांनी कुऱ्हाडीने होडीची एक बरगडी तोडून आणली. आता होडीला काय काय लावतात हे मुखेडच्या माणसाला कसं माहीत असणार? आमच्या गावात पाणीच नाही तर होडी कुठून? आणि सदूला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, पण तो जन्मापासून त्या वासात. त्याच्या लेखी तो वासच नाही.

मी दुपारी पार्सल टाकून निघाले. सिग्नलवरच मला लागलं. आधी वाटलं, नवीन रस्ता करतायत, डांबर ओततायत. मग वाटलं, डांबरात कुणीतरी सुकट टाकलीय. मग वाटलं, त्यात कुणीतरी मेलंय. शेजारचा रिक्षावाला गमछा नाकाला लावून म्हणाला, "क्या जल रहा है, भाई, समंदर?"

हॉटेलच्या मागे गेले तर टायरवाले चौघे पळून रस्त्यावर उभे होते. जे दिवसभर रबर जाळतात ते! आणि दाजी सवतीशेजारी स्टुलावर बसलेले. शांत. चेहऱ्यावर तेज. झाकणातून पातळ निळा धूर निघत होता, एकदम टापटीप.

"ये, ये. साडेचार तास झाले. बघ रंग, बघ." झाकण काढलं. तंगडी दिसायला अशी सुंदर, तांबूस काळी, चकचकीत. त्यांनी एक तुकडा कापून माझ्यासमोर धरला. "खा."

मी दाजींसाठी काहीही करेन. खाल्लं. डांबर, शार्क मासा आणि शंभर वर्षांची खाडी एकदम माझ्या तोंडात आली.

"कसं हाय?"

माझ्या डोळ्यांतून पाणी. त्यांना वाटलं, चव आवडली म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या धुराच्या मध्यात बसलेला माणूस, त्याचं नाक साधं आक्रसलं पण नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. मी तोंडातलं गिळलं आणि म्हणाले, "दाजी, वेलचीचा वास काय मस्त सुटलाय!"

"सुटणारच. मोप घातलीय."

"कधी घातली?"

ते थांबले. वेलची घातलीच नव्हती. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, हात पँटला पुसले, परत पुसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कोरोनापासून."

"तीन वर्षं? अहो, तीन वर्षं तुम्ही आम्हाला काय खाऊ घालताय?"

"आठवणीनं खाऊ घालायलोय," ते म्हणाले. मग एकदम हातच जोडले. "रुचे, तुझ्या ताईला सांगू नको. शेटला तर नकोच नको. ह्या शेगडीला नाक लागत नाही गं. म्हणून तर आणली. एवढं एक काम असं हाय, जे मला डोळ्यानं करता येतं."

मी शपथ घेतली. होडीचं लाकूड फेकलं, तंगडी कुत्र्यांना टाकली. तंगडी कुत्र्यांनी पण नाही खाल्ली.

शपथ मी पाळली. पण ताईला सांगायची गरजच पडली नाही. दाजी त्याच शर्टात घरी आले. वन आरकेत होडी शिरली. ताईने नाकाला पदर लावला. "कुठे लोळून आलात? आधी अंघोळीला जा."

"का? सकाळी केलीय."

दाजी तिच्यासमोर खाटेवर बसले, तोच शर्ट घालून, आणि म्हणाले, चहा टाक. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"तुम्हाला वास येत नाही," ताई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

दाजींनी मान खाली घातली.

मला वाटलं आता भांडी उडणार. ताई खाली बसली आणि रडायलाच लागली. ताई रडत नाही कधी, दवाखान्यात मेलेली माणसं उचलते ती. "मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माझंच काही वाटेनासं झालं. मोगरा माळायचे तर तुम्ही आधी दारातूनच बोलायचात. मग बोलायचंच बंद केलंत. मी दोन महिने माळला. मग म्हटलं, जाऊ दे, कुणासाठी." नाक पुसून लगेच ओरडली, "आणि तुम्ही नाक घालवून बसलात होय! मेल्या, सांगायचं नाही? मी इथे सवतीवर जळत बसले!"

"मोगरा माळला होतास?" दाजी एवढंच म्हणाले. मी उठून खाली वडापाव आणायला गेले. मला असल्या ठिकाणी बसवत नाही.

रविवार. सकाळी सातला आम्ही हॉटेलमागे. या वेळी लाकूड सदूच्या वाडीतलं, आंब्याचं, पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्या. होडीचं कळल्यापासून तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता. "माज्या ध्यानानच न्हाय आला," एवढंच म्हणत होता. "होडीला डांबर न् मोरी माशाचा त्याल लावतात ना. आमाला सवय हाय."

दाजी म्हणाले, "रुचे, बाकी सगळं माझं मी करतो. लाकूड तेवढं हुंगून दे."

मी तिथे उकिडवी बसून वीस तुकडे एकेक करून हुंगले. शेजारी ट्रकवाले दात घासत होते. एकजण म्हणाला, "मैडम, शादी का रिश्ता है क्या, इतना सूंघ के देख रही हो?" मी म्हटलं, "तेरे से तो अच्छा ही है." एका तुकड्याला रॉकेलची बाटली लागली होती, तो मी फेकला. बाकी पास.

कोळशाची रांग लागली, तीन तंगड्या चढल्या, आठला झाकण बंद. जेवणाची वेळ दीडची. काटा एकशेवीस. निळा धूर. मी पण चक्क एका जागी बसले.

दहाला शेट आला. "बघू तरी," म्हणाला आणि झाकण उचललं. दाजींनी हळूच परत ठेवलं, "शेट, उघडायचं नसतं." अकराला परत आला, परत उचललं, आणि या वेळी मोबाईलवर फोटो काढत उभा राहिला. आत हवा शिरली, कोळसा भडकला, रांगेत पुढचे पुढचे खडे पेटायला लागले. काटा एकशेऐंशी. दाजी धावले, खालची चकती बंद केली, परातीत पाणी ओतलं, गुडघ्यावर बसून काट्याकडे बघत बसले. अर्धा तास नुसता तो काटा खाली आणण्यात गेला. वेळ सगळी चुकली. बाराला शेट तिसऱ्यांदा आला आणि हात पुढे केला, तर दाजींनी चिमट्याने त्याच्या मनगटावर फटकन मारलं.

"मालकाला मारतो?"

"झाकणाला हात लावला की मारणार."

दीड वाजता बँकवाले आले. पाऊण तास स्टार्टर खाल्ले, मग त्यांचे साहेब घड्याळ दाखवायला लागले. शेट मागे आला, लालबुंद, आवाज दाबून. "काढ."

"अजून चाळीस मिनिटं, शेट. मधी गरमी चढली, मग बंद करावी लागली. मधलं हाड सुटलं नाही."

"अरे, तुला चाळीस मिनिटं कशी कळतात? तू तर हुंगून सांगायचास! झाकणाला नाक लाव आणि सांग, झालंय की नाही. पूर्वी वीस फुटांवरून सांगायचास!"

मी मध्ये पडणारच होते. माझ्या तोंडात खोटं तयार होतं, सर्दी झालीय म्हणून सांगणार होते. दाजींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"शेट, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली."

शेटचं तोंड उघडं राहिलं. त्याला हळूहळू सगळं आठवत असणार, ग्रेव्ही, खोबरं, उठून गेलेलं टेबल. "म्हणजे तीन वर्षं तू मला..."

"व्हय."

"मोरीत जा," शेट म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. कुणीतरी काढेल ते मटण."

"जातो," दाजी म्हणाले. "पण चाळीस मिनिटांनी. आत्ता हिचं झाकण उघडलं तर मी पण जाईन आणि मटण पण जाईल. चाळीस मिनिटांनी मी एकटाच जाईन."

आणि स्टुलावर बसले. काट्याकडे तोंड करून. शेटला काय करावं कळेना. झाकणाकडे हात न्यायला तो घाबरत होता, मनगटावर अजून लाल वळ होता. दात खात आत गेला आणि बँकवाल्यांना म्हणाला, "सर, रियल चीज में टाईम लगता है." बेशरम.

चाळीस मिनिटं मोजून झाली. दाजींनी झाकण काढलं. पहिल्या तंगडीचं हाड दोन बोटांत धरलं आणि हलकेच फिरवलं. हाड फिरलं. ओढलं तर असं स्वच्छ निघून आलं, जसं पोर झोपेत हात सोडतं. मटणाला कडेने गुलाबी रेघ, मध्ये रस. वास असा की टायरवाले परत आले, या वेळी उलट्या दिशेने. मी दाजींना म्हटलं, "सांगू वास कसा आलाय?"

"नको," ते म्हणाले. "दिसायलाय मला."

तीन परातींत मटण आत गेलं. दाजी हात धुऊन सरळ मागच्या मोरीत गेले, पँट दुमडली आणि भांड्यांच्या ढिगासमोर उकिडवे बसले. दिलेला शब्द होता ना. मी ओरडले, "उठा, वेडे झालात का?" तर म्हणाले, "शेट म्हणाला होता. गप राहा." घासायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले, कारण मला दुसरं काही सुचेना. माझी पण पँट भिजली.

अर्ध्या तासाने शेट मोरीच्या दारात. हातात बँकवाल्यांची रिकामी परात, बोटाने पुसून चाटलेली दिसत होती. कोणी चाटली ते मी नाही विचारलं.

"इथे काय करतोस?"

"तुम्ही सांगितलं."

"मी काय काय सांगतो..." शेटने परात खाली ठेवली. "साहेबांची पोरगी आहे, तिच्या साखरपुड्याला सहा तंगड्या पाहिजेत. पुढच्या महिन्यात." आणि मग, "लाकूड कोण हुंगणार?"

"मी," मी म्हटलं.

"तू आधी हे घास," शेट म्हणाला, "नागोराव, तू उठ. पत्रेवाल्याला फोन लाव. आणि त्या टाकीला रंग दे, भिकार दिसते."

"रंग लावला तर मटणाला रंगाचा धूर लागंल, शेट."

"मग राहू दे भिकार."

दाजी उठले. गुडघे कटकन वाजले. बाहेर आले तर सवतीशेजारी स्टुलावर ताई बसलेली, ड्युटीवरून थेट आलेली, सवतीच्या गार झालेल्या झाकणावर हात ठेवून. केसांत गजरा.

दाजी थांबले. लांबूनच बघितला या वेळी. "मोगरा माळलास?"

"डोळे पण गेले का?" ताई म्हणाली. "केशरी आहे. अबोली आहे ही. अबोलीला कुणाच्याच नाकाला वास येत नाही. नुसती बघायची असते."

दाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारून गजरा नीट बघितला, जसा काटा बघतात तसा.

"आता पुढचं बघा," ताई म्हणाली. "सवतीला पत्र्याचं घर मिळालं ऐकलं. मला अजून वन आरकेच आहे, ते लक्षात असू द्या."